फटाक्यांच्या दिवसांतलं आकाशदर्शन आणि घरातला घाबरणारा प्राणी: नवख्यांसाठी पूर्वतयारी

घरात दुर्बीण आहे आणि फटाक्यांना घाबरणारं कुत्रं किंवा मांजरही आहे, अशांसाठी हे लिहिलं आहे. दोन्हींची तयारी एकत्र मांडायला कारण आहे. आकाश ज्यामुळे बिघडतं आणि प्राणी ज्यामुळे हादरतो, त्या दोन्ही गोष्टी हवेच्या एकाच अवस्थेत सगळ्यांत वाईट होतात.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे धूर वर न जाता खालीच पसरतो. याच थरामुळे आवाजही लांबवर पोहोचतो. उबदार हवेत ध्वनीचा वेग जास्त असतो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी ऐकूही न येणारे लांबचे बार घरात ऐकू येतात. आकाशदर्शनाला उत्तम वाटणारी शांत, स्वच्छ रात्र फटाक्यांच्या दिवसांत अशी दोन्हीकडून अवघड ठरते.

ही अवस्था ओळखायला उपकरण लागत नाही. सूर्यास्तानंतर एखाद्या चुलीचा किंवा शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल, पान हलत नसेल आणि दूरच्या रस्त्याचा किंवा रेल्वेचा आवाज रोजच्यापेक्षा स्पष्ट येत असेल, तर ती रात्र कठीण जाणार असं धरून चाला. वारा वाहता असेल तर धूर तास-दोन तासांत निघून जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. आवाज मध्यरात्रीच्या सुमारास ओसरतो, धूर ओसरत नाही. जाड काजळी काही तासांत खाली बसते, पण एक मायक्रॉनहून लहान कण हवेत दिवसेंदिवस राहतात. त्यामुळे "फटाके थांबले की पहाटे दुर्बीण लावू" हा बेत शांत हवेत बहुतेकदा फसतो. ऊन पडून जमीन तापेपर्यंत धुराचा थर जागचा हलत नाही. म्हणून मुख्य आतषबाजीची संध्याकाळ पूर्णपणे प्राण्यासाठी ठेवावी आणि दुर्बिणीला आधीचे दिवस, वाऱ्याची रात्र किंवा पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र द्यावी, असं आम्ही ठामपणे सांगतो.

दोन महिने आधी: आवाजाची सवय

ही पायरी सगळ्यांत जास्त उपयोगी असते आणि नेमकी हीच राहून जाते.

फटाक्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण घ्या आणि ते इतकं हळू लावा, की कुत्र्याचे कान हलतील पण तो करत असलेलं काम सोडणार नाही. आवाज सुरू झाला की त्याच्या आवडीचा खाऊ लहान तुकड्यांत द्यायला लागा, आवाज बंद झाला की खाऊही बंद. हा क्रम महत्त्वाचा आहे. खाऊ आधी आणि आवाज नंतर असं झालं, तर खाऊ दिसताच तो धास्तावायला शिकतो. एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरेत. लागोपाठ तीन-चार वेळा तो निवांत राहिला तरच आवाज अगदी किंचित वाढवा. तो उठून गेला, धापा टाकू लागला किंवा खाऊ नाकारला, तर आवाज वाढवण्याची घाई झाली असं समजून दोन पायऱ्या मागे या.

याला दोन मर्यादा आहेत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातला धमाका येतच नाही, म्हणून शक्य असेल तर मोठा स्पीकर वापरा आणि तो आलटूनपालटून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि फटाक्यांना चार-पाच दिवस उरले असतील तर हा सराव सुरूच करू नका. अर्धवट सरावाने भीती कमी होत नाही, उलट वाढू शकते.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला त्याहूनही वरचे, ६० हजारांच्या पुढचे. वर जाणाऱ्या बाणाची शीळ आपल्याला संपल्यासारखी वाटते, तेव्हाही त्यांना ती ऐकू येत असते. त्यामुळे "एवढ्याशा आवाजाला काय घाबरायचं" हा आपला अंदाज त्यांच्या कानांना लागू पडत नाही.

पशुवैद्याकडे केव्हा जायचं

मागच्या वेळी प्राणी थरथरत राहिला, लाळ गाळली, घरात लघवी केली, दार-खिडकी ओरबाडली किंवा दुसऱ्या दिवशीही जेवला नाही, तर यंदा किमान तीन-चार आठवडे आधी पशुवैद्याला भेटा. आदल्या दिवशी भेटून उपयोग होत नाही, कारण औषधाची एक चाचणी मात्रा शांत दिवशी देऊन बघावी लागते. काही प्राण्यांना त्याने गुंगी जास्त येते, तर काही उलट अस्वस्थ होतात. हे आधी कळलेलं बरं.

कुत्र्यांच्या आवाजभीतीसाठी हिरडी आणि गाल यांच्या मधल्या जागेत लावायची डेक्समेडेटोमिडिनची जेल मिळते. ती गिळली गेली तर तिचा परिणाम बराच कमी होतो, आणि लावणाऱ्याने हातमोजे घालायचे असतात. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनसारखी औषधंही पशुवैद्य देतात. मात्रा वजनावर आणि प्रकृतीवर ठरते, म्हणून शेजारच्या कुत्र्याची मात्रा आपल्या कुत्र्याला देऊ नये. औषध कोणतंही असो, ते भीती चढण्याआधी द्यायचं असतं. किती आधी, ते पशुवैद्याकडून लिहून घ्या. पहिला बार झाल्यावर दिलेली गोळी बहुतेकदा तोकडी पडते.

एसप्रोमॅझीन या जुन्या शामकाबद्दल सावध असा. एकटं दिलं तर त्याने शरीर सैल पडतं, भीती मात्र तशीच राहते. प्राणी शांत दिसतो आणि आतून घाबरलेला असतो. माणसांची औषधं तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आठवडाभर आधी: खोली, पट्टा आणि आकाशाची नोंद

खोली निवडताना रस्त्यापासून सगळ्यांत दूर आणि कमी खिडक्यांची निवडा. बहुतेक घरांत ती मधली खोली किंवा बाथरूमशेजारचा बोळ असतो. तिथे त्याचं नेहमीचं अंथरूण, न धुतलेलं, ठेवा. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. टेबलावर जाड चादर टाकून एका बाजूने उघडी गुहा करा. आत-बाहेर करायची मोकळीक त्याला हवी, कोंडून ठेवलेला प्राणी दार तोडायच्या प्रयत्नात नखं आणि दात मोडून घेतो. आठवडाभर रोज तिथे खाऊ देत राहिलात, तर त्या रात्री तो आपणहून तिथे जाईल.

गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैलपणा ठेवा. त्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदीतला नंबर चालू आहे ना, तेही पाहा. फिरायला नेताना गळपट्टा आणि अंगपट्टा असे दोन्ही बांधून दोन्हींना दोर लावावा. घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देऊन डोकं सोडवून घेतं, आणि गळपट्टा हातात राहतो.

याच आठवड्यात आकाशाची मूळ नोंदही करून ठेवा, नाहीतर नंतर धुराने किती नुकसान केलं ते कळणारच नाही. कृत्तिका दिसण्याचा मोसम असेल तर त्या डोक्यावर असताना नुसत्या डोळ्यांनी मोजा. सहा तारे सुटे दिसले म्हणजे साधारण ४.३ प्रतीपर्यंतचं दिसतंय (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). तीन-चारच दिसले तर मर्यादा ३.८ च्या आसपास आहे. कृत्तिका नसतील तर महाश्व (पेगासस) तारकासमूहातल्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. आकडा, वेळ, चंद्र होता की नाही आणि दूरची ओळखीची टेकडी किंवा टॉवर दिवसा किती स्पष्ट दिसत होता, एवढं वहीत लिहा.

आकाशाचा उजेड मोजणारं यंत्र वापरत असाल तर एक खाचखळगा लक्षात असू द्या. शहरात धूर दिव्यांचा प्रकाश परत खाली पाठवतो, म्हणून आकडा वाईट येतो आणि ते खरंच असतं. पण दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या जागी तोच धूर आकाशाचा नैसर्गिक उजेडही झाकतो. यंत्र "आकाश जास्त काळं" असं दाखवतं आणि तारे मात्र गेलेले असतात. म्हणून यंत्राच्या जोडीला तारे मोजायचेच.

त्या दिवशी

दुपारी उजेड असतानाच लांब फेरी मारून आणा. पोटभर जेवण अंधार पडायच्या दोन तास आधी द्या, भीती चढल्यावर तो खाणार नाही. मांजराला दुपारपासून घरात घ्या आणि त्याच्या शी-शूसाठीचं मातीचं पात्र आत ठेवा. सूर्यास्तापूर्वी खिडक्या लावून जाड पडदे ओढून घ्या. पडद्याने आवाज थोडाच कमी होतो, पण झगमगाट थांबतो. पंखा किंवा खर्जाचं संगीत सुरू करून ठेवा, म्हणजे बाहेरचा बार आणि घरातली शांतता यांतला फरक कमी होतो. आवाज फार मोठा नको.

पळून जाण्याच्या घटना बहुतेक मुख्य दारातून होतात, तेही पाहुणे येता-जाताना. म्हणून प्राणी आणि रस्ता यांच्यामध्ये नेहमी दोन बंद दारं असावीत. ते जमत नसेल तर आल्यागेल्यासाठी दार उघडण्याआधी त्याला खोलीत नेऊन खोलीचं दार तेवढ्यापुरतं लावायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आवाज सुरू झाल्यावर त्याच्याजवळ बसा. "घाबरल्यावर जवळ घेतलं तर तो आणखी घाबरायला शिकतो" हा समज चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, शाबासकीने ती वाढत नाही. तो अंगाला चिकटला तर हात फिरवा, कोपऱ्यात लपला तर तिथेच राहू द्या. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नका. रागावणं, साखळीने बांधणं आणि "सवय होईल" म्हणून गच्चीवर नेणं या तिन्हींनी पुढच्या वर्षीची भीती वाढते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं थोडं वेगळं आहे. पिंजरा खिडकीपासून हलवून तीन बाजूंनी कापड टाका, चौथी मोकळी ठेवा आणि खोलीत मंद दिवा असू द्या. गडद अंधारात अचानक दचकले, तर कॉकाटीलसारखे पक्षी पिंजऱ्यात धडपडून पंख मोडून घेतात. पक्ष्यांची श्वसनसंस्था धुराला फार नाजूक असते, त्यामुळे त्या खोलीच्या खिडकीच्या फटीही बंद करा. सशांना वाळलेलं गवत नेहमीच्या दुप्पट द्या, म्हणजे त्यात घुसून बसता येतं.

धुरातलं आकाश: काय बघायचं, काय सोडायचं

आता दुर्बिणीकडे. आतषबाजीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातही हवेत थोडाफार धूर असतोच. त्यात बघण्यासारखं बरंच उरतं, फक्त निवड बदलावी लागते.

तारा क्षितिजाकडे जितका खाली, तितक्या जास्त हवेतून त्याचा प्रकाश येतो. डोक्यावरच्या हवेची जाडी १ धरली तर ३० अंश उंचीवर ती २ होते आणि २० अंशांवर जवळपास ३. स्वच्छ हवा डोक्यावरच्या ताऱ्याला पाव प्रतीने मंद करते असं धरू. धुरामुळे तेच पाऊण प्रत झालं, तर डोक्यावर जादा तोटा अर्ध्या प्रतीचा, ३० अंशांवर एका प्रतीचा आणि २० अंशांवर जवळपास दीड प्रतीचा होतो. एक प्रत म्हणजे प्रकाशात अडीच पट फरक. म्हणून पहिला नियम: ४५ अंशांच्या खाली दुर्बीण वळवायची नाही. प्रत्येक लक्ष्य ते आकाशात सर्वांत उंच असताना बघायचं.

दुसरं म्हणजे धूर बिंदूसारख्या वस्तूंना कमी छळतो आणि पसरट वस्तूंना जास्त. ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात एकवटलेला असतो, तर दीर्घिका आणि तेजोमेघ यांचा पसरलेला असतो. धूर त्यांना मंद करतो आणि त्यांच्यामागचं आकाश उजळतो, असा दुहेरी मार त्यांना बसतो. देवयानी दीर्घिकेचा नुसता मधला गोळा उरतो. अशा पसरट वस्तू सोडून द्या. चंद्र, गुरू, शनी, मंगळ, द्वैती तारे आणि ठळक खुले गुच्छ घ्या. सप्तर्षींतला वसिष्ठ नवख्यांसाठी उत्तम आहे: अरुंधती नुसत्या डोळ्यांनी शेजारी दिसते आणि ६० पट वर्धनात खुद्द वसिष्ठ दोन ताऱ्यांत सुटतो, त्यांच्यातलं अंतर सुमारे १४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आहे. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ सोनेरी-निळ्या जोडीसाठी बघावा.

इथे एक सुखद गोष्ट आहे. धूर अडकवणारी तीच स्तब्ध हवा अनेकदा प्रतिमा स्थिर ठेवते. ताऱ्यांचं लुकलुकणं कमी होतं आणि ग्रहांवरचा बारकावा स्वच्छ रात्रीपेक्षाही नीट दिसू शकतो. ग्रह इतके तेजस्वी असतात, की अर्ध्या-एका प्रतीच्या तोट्याने त्यांचं काही बिघडत नाही. मंद दिसणाऱ्या अशा रात्री गुरूवर १५० पट वर्धन लावून अर्धा तास बघा, पट्ट्यांतले बारकावे हळूहळू उमटत जातील. बरेच जण आकाश धुरकट दिसलं की दुर्बीण बाहेरच काढत नाहीत, तेव्हा ही संधी हातची जाते.

प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर विकत घेऊन धुरावर मात करता येईल, ही अपेक्षा ठेवू नका. फिल्टर नको असलेला प्रकाश अडवतो, धुराने अडवलेला प्रकाश परत आणत नाही. छायाचित्रणात मात्र ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर उपयोगी पडतो. लाल प्रकाश बारीक कणांमुळे निळ्यापेक्षा कमी विखुरतो, म्हणून तेजोमेघांची लाल चित्रं धुरातही बरी येतात. एकेक चित्र ३० ते ६० सेकंदांचंच घ्या. मध्येच आतषबाजी उजळली तर तेवढंच चित्र टाकून देता येतं, पाच मिनिटांचं एक चित्र गमावलं तर सगळीच मेहनत जाते.

डोळ्यांचंही तेच. अंधाराला पुरतं सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झगझगाटात बरंचसं निघून जातं. निरीक्षणाच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून ठेवा, फक्त आयपीसला लावतानाच ती सरकवा. आतषबाजीच्या दिशेला पाठ करून बसा आणि डोक्यावरून काळं कापड घ्या.

धुरात दुर्बीण जपणं

फटाक्यांच्या दारूत शोरा, कोळसा आणि गंधक असतं, रंगांसाठी स्ट्रॉन्शियम, बेरियम, तांबं यांची संयुगं असतात. जळल्यावर उरणारे पोटॅशियमचे क्षार आणि सल्फेट हवेतलं पाणी ओढून घेतात. असे कण आरशावर बसले आणि वर दव पडलं, की खारट ओलसर थर तयार होतो. तो ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला सूक्ष्म छिद्रांतून खातो. साध्या धुळीने आरसा वर्षानुवर्षं बिघडत नाही, हा थर मात्र बिघडवतो. यावर उपाय असे:

१. जवळपास फटाके चालू असताना दुर्बीण गच्चीवर उघडी ठेवू नका. थंड व्हायला बाहेर ठेवायची असेल तर दोन्ही टोपणं लावून ठेवा.

२. परावर्ती (आरशाच्या) दुर्बिणीचा पंखा त्या रात्री बंद ठेवा. तो धूर थेट आरशावर खेचतो.

३. दव-टोपी (भिंगापुढे लावायची नळी) आणि दव-पट्टा (काच उबदार ठेवणारी पट्टी) वापरा. काच सभोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहिली की ओल धरत नाही.

४. आत आणताना बाहेरच टोपणं लावून पेटीत ठेवा आणि तास-दोन तासांनी, पेटी खोलीइतकी उबदार झाल्यावर उघडून कोरडी होऊ द्या.

साफसफाईची घाई करू नका. टॉर्च मारून बघितलं तर कोणताही आरसा घाण दिसतो, तो निकष नाही. तिरक्या दिवसाच्या उजेडात करडा-तेलकट पडदा दिसला तरच हात लावा. भिंगावर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन ओल्या कापसाने दाब न देता मध्यापासून कडेकडे एकच फटकारा. प्रत्येक फटकाऱ्याला नवा कापूस. कोरडं कापड कधीही घासू नका. त्यातल्या कणांनी काचेवर कायमचे ओरखडे पडतात. आरसा काढून धुवायचा असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून १५ मिनिटं बुडवा, कापूस स्वतःच्या वजनाने ओढा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवून उभा करून सुकवा. परत बसवल्यावर आरशांची जुळणी करायला विसरू नका, ती हललेली असतेच.

गावाबाहेर जायचं असेल तर

धुराच्या थरापासून सुटायला कधी कधी लांब जायची गरज नसते, उंच जायची असते. थराची जाडी बऱ्याचदा शे-दोनशे मीटर असते. सूर्यास्तापूर्वी दूरवर पाहिलं तर खोऱ्यात साचलेल्या धुक्यासारख्या थराची वरची कड दिसते. तिच्या वर असलेली टेकडी सापडली तर तिथलं आकाश खालच्यापेक्षा बरंच बरं असतं.

जागा फटाक्यांपासून किती दूर आहे ते मोजायला आतषबाजी दिसल्यापासून बार ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. १५ सेकंदांच्या आत आवाज येत असेल तर झगझगाट निरीक्षणाला नडतो.

प्राण्याला मात्र टेकडीवर नेऊ नका. अनोळखी अंधारात, लांबून येणाऱ्या बारांत, तो सुटून पळाला तर परतीची वाट त्याला ठाऊक नसते. त्याला घरी एकटंही ठेवू नका. सोबतीला घरातलं ओळखीचं कुणी थांबणार असेल तरच निघा. सोबत नसेल तर आकाश पुन्हा उद्या असतंच, जागा बदलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आधी अंगण आणि गच्ची झाडा, मगच प्राण्याला सोडा. न पेटलेल्या फटाक्यांतली बेरियमची संयुगं आणि नायट्रेट गिळले गेले तर विषबाधा होते. जळक्या तारा आणि काड्या पंजात रुततात. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा. काही चघळलेलं दिसलं आणि त्यानंतर उलटी, लाळ किंवा लडखडणं सुरू झालं तर उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा.

सशाने १०-१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर तेही तातडीचंच आहे, कारण त्याचं आतडं थांबतं. कुत्र्या-मांजरांची भूक एक दिवस मंदावलेली असू शकते. पुढचे दोन-तीन दिवस फेऱ्या लहान आणि शांत रस्त्याने ठेवा. त्या रात्री त्याला काय उपयोगी पडलं, औषध किती वाजता दिलं, कोणत्या कोपऱ्यात तो शेवटी झोपला, हे सगळं आकाशाच्या नोंदीच्या त्याच वहीत, त्याच तारखेखाली लिहून ठेवा. पुढच्या वेळी पशुवैद्य पहिल्यांदा हेच विचारतील.